इन्स्पेक्टरबाईंच्या तीन कुरबुरी

भाड्याने द्यायच्या घरातलं स्वयंपाकघर किती नवं करायचं, ह्या एका प्रश्नापायी भल्याभल्यांची झोप उडालेली आहे. फार कमी केलं तर भाडेकरू वर्षाच्या आत गाशा गुंडाळतो. फार जास्त केलं तर घातलेले पैसे निघता निघत नाहीत, आणि चकचकीत ओट्यावर ओरखडा तर पडला नाही ना, ह्या काळजीने घरमालक काहीतरी निमित्त काढून भाडेकरूच्या दारात चकरा मारू लागतो. इन्स्पेक्टरबाईंच्या घरी मात्र ह्यावरून कधी खडाजंगी झाली नाही. खडाजंगीला इतर विषय पुष्कळ होते. ह्याला नियम होता.

इन्स्पेक्टरबाई कुठल्याही खात्यात नोकरीला नव्हत्या. हे नाव त्यांना नवऱ्याने ठेवलं होतं, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात, त्याच्या खोलीतल्या अकरा वस्तू चुकीच्या जागी असल्याचं त्यांनी बोट दाखवून सिद्ध केलं तेव्हा. नोकरीत होते ते मालक, म्हणजे त्यांचे यजमान. मोजणी खात्यात जन्मभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि पोटाला चिमटा काढून एक एक करत पाच लहान फ्लॅट घेतले, भाड्याने द्यायला.

भाडेकरू घर सोडून गेला की दोघं जोडीने तिथे जायची. बाईंच्या पिशवीत एका बर्नरची शेगडी, पातेलं, गाळणं, दोन कप, चहा, साखर आणि बाटलीत दूध. बाई त्या रिकाम्या स्वयंपाकघरात चहा करायच्या. मालक वही घेऊन दारात उभे राहायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत आणि मध्ये बोलायचे नाहीत. चहा करता करता बाईंना जे जे खुपेल ते त्या बोलून दाखवायच्या. पहिल्या तीन कुरबुरी मालक लिहून घेत. तेवढ्या दुरुस्त करायच्या, चौथीपासून पुढचं सगळं आहे तसं ठेवायचं. "पहिल्या तीन कुरबुरींनी भाडेकरू पळतो," मालक म्हणत. "चौथीपासून तो नुसता बोलतो. बोलू दे बापड्याला." चहा गाळून झाला की वही मिटायची. बाई पुढेही बोलत राहायच्या, पण ते फुकट.

चोवीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला. एकदाही घर दोन महिन्यांवर रिकामं राहिलं नाही. बाईंना बारीक डोळा होता आणि तोंडाला कुलूप नव्हतं, आणि ह्या दोन गोष्टींवर पाच घरांचं भाडं उभं होतं.

मग आठ महिन्यांपूर्वी मालक गेले. दाढी करता करता खुर्चीत बसले ते बसलेच.

बाई रडल्या नाहीत. लोक म्हणाले, धीराची बाई. बाईंना ठाऊक होतं की ह्यात धीरबिर काही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. सकाळ झाली की उठायचं, पुढ्यात येईल ते जेवायचं, कुणी दाखवील त्या जागी बसायचं. वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. मुख्य म्हणजे काही खुपत नव्हतं.

घरात हे सगळ्यांत आधी सुनेच्या लक्षात आलं. ज्या सासूने बारा वर्षं तिच्या पोळीचा आकार, केराचा डबा, पडद्याची कड आणि पोरांची नखं ह्यांवर रोजचा अहवाल दिला, ती सासू आता हूं की चूं करीना. पहिले पंधरा दिवस सुनेला स्वर्ग दोन बोटं उरला. तिसऱ्या आठवड्यात तिला भीती वाटायला लागली. एके दिवशी तिने मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. बाई जेवून उठल्या. दुसऱ्या दिवशी तिने दुप्पट मीठ घातलं. बाई दोन भांडी पाणी जास्त प्यायल्या आणि त्यांनी ताट घासायला टाकलं. त्या रात्री सून नवऱ्याला म्हणाली, "तुझ्या आईला कुणाला तरी दाखव. मला ओरडत नाहीये ती."

ह्या आठ महिन्यांत दोन घरं रिकामी झाली होती. दोन्ही वेळा बाई पिशवी घेऊन गेल्या, चहा केला, गाळला आणि म्हणाल्या, "ठीक आहे सगळं." दारात वडिलांच्या जागी उभ्या असलेल्या मुलाच्या फोनमध्ये एक अक्षर उमटलं नाही. काही न करता घरं दिली. पहिल्या घरात फडताळाचं दार पहिल्याच आठवड्यात भाडेकरणीच्या हातात आलं आणि ती दोन महिन्यांत गेली. दुसऱ्या घरातला सिंक तुंबायचा. तो भाडेकरू गेला नाही, पण रोज फोन करायचा, आणि मुलाच्या मते ते गेल्याहून वाईट होतं.

मुलगा वाईट नव्हता. नाकासमोर चालणारा, घाईचा माणूस. आता तिसरं घर रिकामं झालं, तेव्हा त्याने आईला समोर बसवलं.

"आई, स्पष्टच बोलतो. उद्या आपण जाऊ. तू चहा कर. तुला काही सापडलं तर बाबांच्या नियमाने तेवढंच करू. नाही सापडलं, तर मी माझ्या पद्धतीने करणार. ओटा फोडून, मधली भिंत पाडून, सगळं एकजात नवीन. ह्या घरात आणि पुढे पाचही घरांत. मग तुला यायला नको, चहा नको, दगदग नको."

"बरं," बाई म्हणाल्या.

"अगं, बरं काय? तुला चालेल?"

"चालेल की."

मुलाला वाटलं होतं, आई भडकेल. निदान भिंत पाडायचं नाव काढल्यावर तरी. बाईंनाही कळत होतं की हे काम गेलं तर मागे काही उरत नाही. खोलीतली खुर्ची उरते आणि खुर्चीतून दिसणारी गच्चीची टाकी. तिच्याकडे बघत किती वर्षं काढायची, हे त्यांनी मनात मोजूनही पाहिलं. आकडा मोठा होता. तरी आतून काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिघं त्या घरी जमली. तिसरे म्हणजे मिस्त्री. पाचही घरांचे ओटे, फडताळं, फरश्या त्यांच्याच हातच्या. साठी उलटलेली, कानामागे पेन्सिल, आणि बाईंच्या कुरबुरी खाऊनच आपल्या तीन पोरी उजवल्या असं ते उघड सांगत. भिंती पाडण्याचं काम आलं तर मिळकत जास्त होती, पण त्यांचं तोंड उतरलेलं होतं.

हे घर बाईंनी आतून फारसं पाहिलेलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी ते विकत घेऊन दुरुस्त केलं तेव्हा बाई आपल्या मुलीच्या बाळंतपणाला दूरगावी गेल्या होत्या. नंतर दोन भाऊ भाड्याने राहायला आले. दोघेही बाहेर जेवणारे, स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जाणारे. अकरा वर्षांत एक तक्रार नाही. भाडं वेळेवर, आणि बाईंचा पाय कधी पुढच्या खोलीपलीकडे गेला नाही.

बाईंनी शेगडी ओट्यावर ठेवली. मुलगा फोन काढून दारात उभा राहिला. मिस्त्री त्याच्या खांद्यावरून डोकावत होते.

"बाई, ते बिजागर जरा बघा बरं," मिस्त्री हळूच म्हणाले.

"मिस्त्री, तुम्ही बोलायचं नाही," मुलगा म्हणाला.

"मी कुठं बोलतोय? बिजागरच करकरतंय."

बाईंनी फडताळ उघडलं. बिजागर खरोखरच करकरलं. बाईंनी ते ऐकलं आणि फडताळ मिटलं. नळ सोडला; पाणी आधी फुसफुसलं, मग बाजूला उडालं, मग पातेल्यात पडलं. त्यांनी बाहीवरचे थेंब झटकले. दिवा पाठीमागे असल्यामुळे त्यांची स्वतःचीच सावली हातावर पडत होती आणि साखर किती घेतली ते दिसत नव्हतं. त्यांनी अंदाजाने घातली. एके काळी एवढ्यावर वही भरली असती. आता हे सगळं त्यांना दिसत होतं, पण शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं.

मुलाने फोनवर वेळ पाहिली. मिस्त्र्यांनी सुस्कारा सोडला.

पाणी उकळलं. चहा पडला, दूध पडलं, वर आलं, बाईंनी आच कमी केली. मग त्या गाळायला वाकल्या. दोन कप भरेपर्यंत वाकूनच राहावं लागलं, आणि कमरेत, डाव्या बाजूला, बारीकशी कळ आली. बाई सरळ झाल्या. पुन्हा वाकल्या. कळ पुन्हा आली, आता जरा जोरात.

"अहो," त्या दाराकडे वळून म्हणाल्या, "हा ओटा कुणी इतका बुटका घातलाय? ह्याच्यावर काय पाच वर्षांची पोर रांधणार आहे?"

दारात मुलगा होता. बाई त्याच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मुलाने 'अहो' ऐकलं होतं. त्याने घाईघाईने लिहिलं: ओटा बुटका.

"बोला ना, मिस्त्री! तुम्हीच घातलात ना? झोपेत घातलात का?"

मिस्त्र्यांचं तोंड आठ महिन्यांत पहिल्यांदा उजळलं, आणि लगेच अवघडलं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली.

"मी नाही म्हणत होतो, बाई. मालकांनी ऐकलं नाही."

"ह्यांनी? ह्यांचा काय संबंध? हे तर आत पाऊलसुद्धा टाकत नसत."

"त्या वेळी टाकलं. तुम्ही बाळंतपणाला गेला होतात. मी म्हटलं, मालक, बाई येईस्तोवर थांबू. म्हणाले, नको. नातवंडाच्या जागरणाने दमून येईल बिचारी, आल्या आल्या तिला इथे कशाला उभी करायची? चहा मी करतो. तिची कटकट मला तोंडपाठ आहे."

"तोंडपाठ!"

"हो. पण मालक एवढे उंच, आम्हा सगळ्यांच्या वर डोकं. उभे राहिले आणि म्हणाले, इथून मला तिच्यासारखं दिसत नाही. मग..." मिस्त्री थांबले. मुलाकडे पाहिलं. "मग गुडघ्यावर बसले."

"कुठे?"

"इथे. तुम्ही उभ्या आहात तिथंच. खाली नुसता कोबा होता, फरशी बसायची होती. गुडघे टेकले, कंबर ताठ केली, आणि सगळा चहा तसाच केला. वर तुमच्या आवाजात बोलतही होते. 'हात कुठवर न्यायचा माणसाने?' 'हे फडताळ काय सर्कशीतल्या बाईसाठी लावलंय?' मी आणि माझी माणसं पोट धरून हसत होतो. शेवटी मला म्हणाले, मिस्त्री, ओटा ह्या हिशेबाने घ्या. मी म्हटलं, मालक, बुटका होईल. म्हणाले, होऊ दे, माझी बायको बुटकी आहे."

"कोण बुटकी?" बाई गरजल्या.

हा आवाज मुलगा विसरायला लागला होता.

"मी बुटकी? चांगली पाच फूट एक इंच आहे मी! त्यांचं डोकं कुठे येत होतं गुडघ्यावर बसल्यावर? दाखवा मला. दाखवा!"

मिस्त्र्यांनी अंदाज घेतला आणि भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या नाकाशी आली.

"बघ," त्या मुलाला म्हणाल्या, "बघ तुझ्या बापाचं! लोकांच्या जमिनी बोटाबोटाने मोजल्या आणि बायको नाकापर्यंतच मोजली. चोवीस तास डोळ्यांसमोर होते मी. रोज ह्यांच्या खांद्याला डोकं लागत होतं माझं. एकदा विचारायचं तरी! फोन होता ना घरात? बाळाला तिन्हीत्रिकाळ फोन करत होते, आवाज ऐकव म्हणून. तेव्हा विचारता आलं नाही, की बाई तुझी उंची किती?"

"मला म्हणाले होते, तिला सांगू नका," मिस्त्री म्हणाले. "म्हणाले, कळलं तर ती मला रोज गुडघ्यावर बसवून चहा करायला लावील."

"लावलाच असता!"

मिस्त्री हसले, मग आठवून म्हणाले, "उठताना मात्र त्रास झाला त्यांना. दोन्ही हातांनी ओट्याच्या वीटकामाला धरून उठले. गुडघे सोलले होते. मी म्हटलं, हळद लावा. म्हणाले, हे आमच्या आपसातलं आहे."

बाईंना एकदम आठवलं.

त्या बाळंतपण उरकून परत आल्या तेव्हा मालक लंगडत होते. जिन्यात पाय चुकला म्हणाले. आठवडाभर बाईंनी रोज गरम पाण्याची पिशवी भरून त्यांचे गुडघे शेकले होते, आणि शेकता शेकता तोंडाचा पट्टा सोडला होता, की डोळे कुठे होते, वय काय आपलं, पायऱ्या काय आज बांधल्यात, चार दिवस बाई घरात नाही तर हे हाल. मालक उशीला टेकून सगळं ऐकून घेत होते. एकदाही उलट बोलले नव्हते. मध्येच हसू यायचं त्यांना, तर बाईंनी त्यावरूनही झापलं होतं.

"खोटारडा मेला," बाई म्हणाल्या, आणि 'मेला' हा शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मग ते आलं. खूप दिवस कोंडलेलं पाणी नळातून येताना आधी फुसफुसतं, तशी आधी नुसती हवाच आली घशातून, आवाज नाही. मग आवाज आला. बाई ओट्याला धरून खाली बसल्या आणि हमसाहमशी रडल्या. ह्या माणसाचा त्यांना मनस्वी राग आला होता, आणि तो राग काढायला तो माणूस कुठेच नव्हता. आठ महिन्यांत हे त्यांना पहिल्यांदा कळलं. आधी कळलं होतं ते फक्त त्याचं जाणं. तो परत येणार नाही हे आता कळलं. दुखत होतं. कमरेपासून गळ्यापर्यंत, जिथे जिथे काहीच वाटत नव्हतं तिथे तिथे दुखत होतं.

मिस्त्री पाठ फिरवून बिजागराचे स्क्रू उगाच पिळत राहिले. मुलगा आत आला. दारातून आत यायचं नसतं हे त्याला माहीत होतं, पण आला. आईच्या शेजारी फरशीवर बसला. बऱ्याच वेळाने, आईचा श्वास जागेवर आल्यावर, त्याने विचारलं, "आई, हा ओटा ठेवायचा का? असाच? भिंतबिंत राहू दे. काहीच नको पाडायला. हे घर नाही दिलं भाड्याने तरी चालेल आपल्याला."

बाईंनी पदराने नाक पुसलं आणि मुलाकडे असं पाहिलं, जणू तो लहानपणीसारखा चिखलाचे पाय घेऊन घरात आला होता.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उद्या एखादी बाई येईल इथे. दोन वेळचं रांधेल. महिन्याभरात पाठ मोडेल तिची. आणि ती काय म्हणून सोसेल? तिचा नवरा थोडाच बसला होता इथे?" त्यांना पुन्हा हुंदका आला, तो त्यांनी गिळला. "ओटा फोडायचा. ह्यांना जरी दाखवला असता, तरी ते हेच म्हणाले असते. चूक ती चूक."

"मग भिंत?"

"भिंतीला हात लावशील तर बघ."

मिस्त्री हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन वळले. "उद्या सकाळी लावू का माणसं, बाई?"

"लावा. पण मी येईपर्यंत हातोडा उचलायचा नाही. मी आले की मग." बाईंनी उठून ओट्याच्या कडेवरून तळहात फिरवला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हात तिथेच ठेवून मुलाला म्हणाल्या, "लिही. एक, ओटा चार बोटं वर."

मुलाने लिहिलं.

"दोन," बाई म्हणाल्या. दिवा पाठीमागे होता, तो पुढे घ्यायला हवा होता. त्यांना ते स्पष्ट दिसत होतं, आणि आता ते सहनही होत नव्हतं. पण शब्द फुटेना. मुलगा फोन धरून शेजारीच थांबला. त्याने घाई केली नाही. चहा दोन्ही कपांत गार होत होता, आणि बाई हुंदका आवरून दुसरी कुरबूर सांगायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होत्या.